प्रलंबित लाभार्थी भामाबाई

सावळेगाव खुर्द या गावात माणसं पूर्वापार मरत आलेली आहेत आणि त्याबद्दल कुणाची कधी तक्रार नव्हती. माणूस सकाळी गेला की दुपारी स्मशानात आणि संध्याकाळी घरचे लोक ओट्यावर कोरा चहा पीत बसलेले, असा सगळा सुटसुटीत कारभार होता. अडचण सुरू झाली ती गावातली पोरंपोरी पोटापाण्यासाठी पुण्याला, हैदराबादला आणि सुरतेला गेल्यापासून. आता मरणारा गावात असतो आणि रडणारे बाहेरगावी. दोघांची गाठ घालून द्यायला निदान एक दिवस लागतो, आणि कंधार तालुक्यातला उन्हाळा एक दिवस कुणासाठी थांबत नाही.

तीन वर्षांपूर्वी भर वैशाखात आनंदराज नरवाडे यांचे वडील गेले. आनंदराज हे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांची धाकटी बहीण ज्योत्स्ना सुरतेच्या एका दवाखान्यात नर्स. ती निघाली म्हणून कळल्यावर आनंदराजांनी कंधारच्या लस्सीवाल्याकडून बर्फाच्या सहा लाद्या आणल्या. लाद्यांनी रात्रभर इमानेइतबारे काम केलं आणि सकाळी त्यांचं पाणी झालं. जाणत्यांनी एकमेकांकडे बघितलं, आता थांबता येणार नाही म्हणाले. ज्योत्स्ना दोन तास उशिरा पोचली. खांद्यावरची बॅग खाली न ठेवता ती तशीच राखेपाशी बसून राहिली.

तेव्हापासून आनंदराजांच्या आईची, भामाबाईंची, या जगाकडे एकच मागणी उरली होती.

"मला काई नको आनंदा," त्या म्हणत, "लुगडं नको, दवाखाना नको. पोरीनं माझं तोंड बगितलं पायजे. तिच्या बापाचं ऱ्हायलं, माझं ऱ्हाऊ नये."

यावर उपाय होता. नांदेडच्या बाजारात तो मिळतही होता. लांबट पत्र्याची पेटी, वर काचेचं झाकण, वायर सॉकेटात घातली की माणूस दोन दिवस जसाच्या तसा. कागदोपत्री तिला शवशीतपेटी म्हणतात, गावाने तिचं नाव मयताचा फ्रीज ठेवलं. बौद्ध वस्तीच्या विहारात बैठक झाली, सगळ्या आळ्यांतले लोक आले आणि अक्षर चांगलं म्हणून आनंदराजांना सचिव करण्यात आलं.

वर्गणी काढली असती तर पेटी आठवड्यात आली असती. भोंग्यावर नाव पुकारलं की शंभर देणारा पाचशे देतो, हे जयंतीला आणि सप्त्याला सिद्ध झालेलं होतं. पण माजी सरपंच किशनराव उठून उभे राहिले. त्यांची जमीन गावात सगळ्यांत जास्त, त्यामुळे वर्गणीचा पहिला आकडा त्यांच्याच नावापुढे पडायचा.

"जुनं झालं ते, पोस्टमास्तर," किशनराव म्हणाले. "आता समदे मोबाईलवर मागून राहिलेत. वर्गणीत आपुन द्यावं लागतंय. ह्याच्यात जग देतंय."

गावाला हा मुद्दा इतका पटला की टाळ्या पडल्या.

ज्या संकेतस्थळावर जग देतं त्याचं नाव 'हातभार' होतं. त्याचं एक कार्यालय नांदेडला होतं आणि तिथे मनिषा नावाची तरुण बाई 'समर्थक-प्रवास व्यवस्थापक' या हुद्द्यावर होती. मूळची इकडच्याच मुरुडची, पण बोलणं कार्यालयात शिकलेलं. आनंदराज आयुष्यभर अर्ज भरून घेण्याच्या बाजूला बसलेले. भरण्याच्या बाजूला बसायची ही त्यांची पहिलीच वेळ.

"सर, लाभार्थ्याचं नाव?" मनिषाने विचारलं.

"जो मरेल तो."

"असं चालत नाही. नाव, वय, हसरा फोटो आणि लाभार्थ्याचं मनोगत लागतं."

"आता मयताचं मनोगत कसं आणायचं?"

मनिषाने थोडा विचार केला. तिच्या सहा वर्षांच्या नोकरीत असा प्रश्न आला नव्हता, पण 'हातभार'कडे प्रत्येक प्रश्नाला एक रकाना होता. "आपण 'संभाव्य लाभार्थी' लिहू," ती म्हणाली. "गावात कुणी तयार होईल?"

भामाबाई आनंदाने तयार झाल्या. चित्रीकरणासाठी मनिषा स्वतः गावात आली. लिंबाच्या झाडाखाली बाज टाकली, भामाबाईंनी ट्रंकेतलं निळं लुगडं नेसलं आणि कॅमेऱ्याकडे रोखून बघत सांगितलं, "मी भामाबाई नरवाडे. वय शहाऐंशी का अठ्ठ्याऐंशी, मला ठावं न्हाई. मला मरायचं हाय, पण घाई न्हाई. माझी पोरगी सुरतेला ऱ्हाती. ती येईस्तोवर मला थंड ठिवा. लई उपकार हुतील."

"आजी, शेवटी थोडं रडाल का?" मनिषाने अदबीने विचारलं.

"मी कामून रडू? मी मेल्यावर पोरगी रडंल. माझं काम झालं."

हे दृश्य जगाला भलतंच आवडलं. नऊ दिवसांत लक्ष्य पुरं झालं. नाशिक, ठाणे, नागपूर, दुबई, कुठून कुठून चारशे बारा लोकांनी भामाबाईंच्या मरणाला हातभार लावला. सोबत लाल बदाम पाठवले, जोडलेले हात पाठवले, 'आजी यू आर सो क्यूट' असं लिहिलं. पेटी आली. किशनरावांनी नारळ फोडला. पेटी विहाराच्या खोलीत सॉकेटाजवळ ठेवली गेली आणि आनंदराजांनी फाईल बंद केली.

पोस्टात पत्र पोचलं की काम संपतं. 'हातभार'मध्ये तिथून सुरू होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पंधरा दिवसांनी मनिषाचा फोन आला. "सर, नवा समर्थक आणणं सोपं असतं. गेलेला परत आणणं अवघड. आपले चारशे बारा लोक थंड पडत चाललेत."

"पेटी आली ना पण."

"पेटी आली. पण वापर कुठंय? तुमच्या अभियानापुढं लाल खूण आलीय. वापर शून्य."

वापर शून्य होता हे खरंच होतं. त्या वर्षी पाऊसपाणी बरं झालं होतं, साथीचा रोग नव्हता आणि सावळेगावात अडीच महिने कुणी मेलंच नव्हतं. एरवी ही गोष्ट कुणाच्या लक्षातही आली नसती, पण आता ती अहवालात लिहावी लागत होती आणि अहवालात ती वाईट दिसत होती. आनंदराज सज्जन माणूस. कुणाचं वाईट चिंतणं त्यांच्या रक्तात नव्हतं. तरीही सकाळी फिरायला निघाले की त्यांची पावलं आपोआप आजाऱ्यांच्या घराकडे वळू लागली. हर्नियाने बेजार झालेल्या शेषेरावांकडे ते आठवड्यात तिसऱ्यांदा चौकशीला गेले, तेव्हा शेषेराव अंथरुणातून उठून परसात गेले आणि तिथून ओरडले, "लई बरं वाटायलंय म्हणून सांगा त्यास्नी! पोहायला जायलोय म्हणा!"

हळूहळू आनंदराज रस्त्याने दिसले की म्हातारी माणसं खोकला गिळू लागली. 'कशी हाय तब्येत?' हा गावातला सगळ्यांत साधा प्रश्न, तो त्यांच्या तोंडून नोटीस बजावल्यासारखा ऐकू यायचा.

इकडे 'हातभार'ने समर्थकांना परत आणायचं काम आपल्या परीने सुरू केलं. एकदा देणाऱ्याला 'स्नेही', दोनदा देणाऱ्याला 'सोबती' आणि तीनदा देणाऱ्याला 'सहप्रवासी' अशी पदवी मिळू लागली. मयताच्या पेटीच्या अभियानात 'सहप्रवासी' व्हायला कोण धजेल, हा विचार कुणी केला नाही. पदव्यांचा नमुना शाळांच्या अभियानासाठी छापलेला होता, तोच इकडे लावला. एके सकाळी चारशे बारा जणांच्या मोबाईलवर एकदम निरोप गेला. 'आम्हाला तुमची आठवण येते. तुमची पेटी तुमची वाट पाहत आहे.' ठाण्याच्या एका सद्गृहस्थांनी तो वाचून त्याच दिवशी रक्तदाब तपासून घेतला.

खाली लोक लिहीतही होते. आधी 'आजींना दीर्घायुष्य लाभो' असं लिहिणारे आता 'आजींचं काय झालं?' असं विचारू लागले. एकाने लिहिलं, 'मी तीन महिन्यांपूर्वी दिले होते. अजून काहीच कळवलेलं नाही.' भामाबाईंच्या नावापुढे आता 'स्थिती: प्रलंबित' असं आलं होतं.

भामाबाईंना वाचता येत नव्हतं. "काय म्हणतेत लोक?" त्यांनी एकदा लेकाला विचारलं.

"तब्येत विचारतेत, माय."

"चांगले हायेत रे बिचारे. वळख ना पाळख. सांग त्यास्नी, बरी हाय म्हणून."

आनंदराजांनी तसं कळवलं. 'आई बरी आहे.' त्या दिवशी एकेचाळीस समर्थक अभियान सोडून गेले.

मनिषाचा लगेच फोन. "सर, 'बरी आहे' असं कधी लिहायचं नसतं. 'झुंज देत आहे' असं लिहा."

आनंदराजांनी अंगणात बघितलं. भामाबाई ठेचा आणि ज्वारीची भाकरी खात शेजारणीशी कोंबडीवरून भांडत होत्या. झुंज चाललेली होती हे तर खरंच. त्यांनी तसं लिहिलं. एकतीस जण परत आले, पैकी बारा जण दुप्पट देऊन 'सोबती' झाले. त्या संध्याकाळी आनंदराज मोबाईल हातात धरून वाढता आकडा बघत ओट्यावर बसले होते, आणि कबूल करायला हवं, त्यांना बरं वाटत होतं. निवृत्तीनंतर त्यांच्या एका ओळीवर इतकी माणसं कधी हलली नव्हती.

मग एकदाचं गावात मरण आलं. शरणप्पांचे वडील, वय ब्याण्णव, झोपेतच गेले. थोरला मुलगा हैदराबादहून यायचा होता. पेटीच्या वापरासाठी याहून योग्य मयत मिळणं शक्य नव्हतं. आनंदराज चार माणसं आणि पेटी घेऊन दारात हजर झाले. शरणप्पा डोळे पुसत बाहेर आले, पेटीकडे बघितलं आणि हात जोडले.

"पोस्टमास्तर, तुमी आणली, मोठेपणा हाय तुमचा. पण आमच्यात बसवतेत ना."

आनंदराजांच्या डोक्यात प्रकाश पडला. लिंगायत घरात मृत देह मांडी घालून बसवतात, तसाच मिरवत नेतात आणि बसलेलाच पुरतात. गावात सत्तर उंबरे लिंगायतांचे. आनंदराजांनी असल्या पन्नास अंत्ययात्रांना खांदा दिला असेल. तरी अर्ज भरताना, बैठकीत, नारळ फोडताना, एकाही माणसाच्या हे ध्यानात आलं नव्हतं. खुद्द शरणप्पांनी पेटी उतरवताना हात लावला होता.

"आडवं करून एक दिवस ठिवलं तर?" आनंदराजांनी चाचरत विचारलं.

"मग परत बसवायचं कसं?" शरणप्पा म्हणाले.

आनंदराजांनी हा सगळा प्रकार खालमानेने मनिषाला कळवला. चूक झाली, गावाने अर्धाच विचार केला, लोकांचे पैसे घेतले. पलीकडून मनिषा जवळजवळ ओरडली, "सर, हे फार छान आहे! हाच तर दुसरा टप्पा! बसती पेटी!"

दुसऱ्या टप्प्याचं लक्ष्य पहिल्याच्या दुप्पट होतं, कारण बसती पेटी कुठे तयार मिळत नव्हती. ती बनवून घ्यावी लागणार होती आणि त्याआधी तिचा अभ्यास करावा लागणार होता. शरणप्पांची चुलती मल्लम्मा हिला मांडी घालून फोटोला बसवण्यात आलं. ती नको नको म्हणत होती, पण गावाच्या भल्यासाठी बसली. जुने समर्थक परतू लागले. खरं तर माणसाला एकदा दिलेलं अपुरं ठरलं की जरा मोठेपणाच वाटतो.

एप्रिल उजाडला तसं 'हातभार'ने नांदेडला तीन दिवसांचा समर्थक स्नेहमेळावा ठरवला. सगळ्या अभियानांनी आपापली निर्मिती घेऊन यायचं होतं. पुस्तकपेट्या, शिवणयंत्रं, एक अपंग वासरू आणि सावळेगावचा मयताचा फ्रीज.

"पेटी कशाला न्यायची? फोटो लावा की," आनंदराज म्हणाले.

"सर, समर्थकाला आपण दिलेल्या गोष्टीला हात लावून बघायचा असतो. हात लावला की तो परत येतो. आणि पेटी आली नाही तर दुसऱ्या टप्प्याचा निधी थांबतो, असा नियम आहे."

भामाबाईंना चार दिवस कणकण होती. भाकरी सुटली होती, नुसती पेज चालू होती. टेम्पो दाराशी आला तेव्हा त्या बाजेवरून म्हणाल्या, "आनंदा, तू जा. पण पेटी ठिवून जा."

"तीन दिवसांचाच सवाल हाय, माय. परवा घिऊन येतो."

"मला तीन दिवसाचं कोण लिहून दिलंय?"

आनंदराज थबकले. बायको बुद्धप्रिया दारातून बघत होती. पण मेळाव्याच्या पत्रिकेत आनंदराजांचं नाव छापलेलं होतं. त्यांना 'उत्कृष्ट समर्थक-परतावा पुरस्कार' जाहीर झालेला होता. त्यांनी पेटी टेम्पोत चढवली.

नांदेडच्या मंगल कार्यालयात पेटीला झेंडूच्या माळा आणि भोवती लाल दोरी लावण्यात आली. शेजारी भामाबाईंचा पूर्णाकृती पुठ्ठा उभा केला होता. निळं लुगडं, बोळकं हसू, खाली 'मला थंड ठिवा'. लोक रांगेने येत होते, काच वाजवून बघत होते, पुठ्ठ्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत होते. दुबईहून आलेल्या एका बाईंनी तर, "या अजून आहेत ना?" असं विचारून खात्री करून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला आनंदराजांच्या खांद्यावर शाल पडली आणि खिशातला मोबाईल थरथरला. बुद्धप्रियाचा फोन होता. ते शालीसकट मंचावरून उतरून कोपऱ्यात गेले.

"मामी गेल्या," बुद्धप्रिया म्हणाली. सासूला ती मामीच म्हणायची. "दोन घोट चहा घेतला, आनंदा आला का इचारलं, आन् मान टाकली. ज्योत्स्नाताईला फोन केला, त्या निघाल्या. उद्या दुपारपतोर येतेत. तुमी पेटी घिऊन या. ऐकू आलं का? पेटी आणा."

आनंदराज धावत पेटीकडे आले आणि दोरी सोडू लागले. रखवालदाराने हात धरला. मनिषा आली, ऐकलं, तिचा चेहरा उतरला. तिने हातातल्या फळीएवढ्या मोबाईलवर भराभर बोटं चालवली.

"काका, पेटी आता अभियानाच्या नावावर आहे. बाहेर काढायला वापराचा अर्ज लागतो. दोन मिनिटांचं काम आहे. फक्त लाभार्थ्याने कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिचकवायचे."

"काय करायचे?"

"हयातीची पडताळणी. मागे एका अभियानात लाभार्थी नसताना कुणी लाभ उचलला होता. तेव्हापासून लाभार्थी हयात असल्याशिवाय लाभ देत नाहीत."

"बाई, ही पेटी मेलेल्या माणसासाठी हाय!"

"मला कळतं काका."

"लाभार्थी हयात नसला तर?"

मनिषाने पडद्यावर बघून वाचलं, "लाभार्थी अपात्र. कृपया नवीन लाभार्थी निवडा."

आनंदराजांनी कपाळावर हात मारला. समोर उभ्या असलेल्या पेन्शनराकडून तो जिवंत असल्याचा कागद मागण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. नियम कशासाठी आहे, कुणी काढला असेल, कोणत्या फसवणुकीनंतर काढला असेल, हे सगळं त्यांना बसल्या जागी कळत होतं. न कळणारा माणूस असता तर त्याने दोरी तोडून पेटी उचलली असती. ते तिथेच उभे राहून वरिष्ठांचा क्रमांक मागू लागले. वरिष्ठ बंगळूरला होते. त्यांनी अत्यंत सहानुभूतीने ऐकून घेतलं आणि विनंती लेखी पाठवायला सांगितलं. आनंदराजांनी ती पाठवली, सुवाच्य अक्षरात, विषय आणि संदर्भ घालून. त्यात पाऊण तास गेला.

मनिषा मधेच कुठे तरी नाहीशी झाली होती. ती घामाघूम होऊन परतली तेव्हा तिच्या मागे एक रिक्षा होती आणि रिक्षात गोणपाटात गुंडाळलेल्या बर्फाच्या लाद्या.

"काका, उठा आता," ती म्हणाली, आणि कार्यालयातली भाषा तिच्या तोंडून पार गळून पडली होती. "जीप बगितलीय मी. निगा. हितं बसून काई व्हनार न्हाई. माझी आजी बी अशीच गेली, मला ठावं हाय."

आनंदराज बर्फ घेऊन निघाले. शाल खांद्यावर तशीच राहिली होती. ती त्यांनी लाद्यांवर टाकली.

त्रेचाळीस अंशाच्या उन्हात बर्फाने होईल तेवढं केलं. आळीपाळीने लोक पाणी उपसत बसले, शरणप्पांनी घरचा पंखा आणून लावला, शेषेराव हर्नियासकट कंधारला जाऊन आणखी दोन लाद्या घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला जाणती माणसं एकमेकांकडे बघू लागली. किशनराव आनंदराजांच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "पोस्टमास्तर, आता नका थांबवू." त्रिशरण, पंचशील झालं. दहाला भामाबाईंना उचललं.

ज्योत्स्ना दीडला पोचली.

ती अंगणात उभी राहिली. घर माणसांनी भरलेलं होतं आणि बाज रिकामी होती. "पेटी कुठंय, दादा?"

"नांदेडला."

"कामून?"

"लोकांना दाखवायला नेली होती."

ज्योत्स्ना रिकाम्या बाजेच्या कडेला टेकली. मग म्हणाली, "लोकांनी पेटी बगितली. म्या माझी माय न्हाई बगितली." आनंदराज साठी उलटलेला माणूस, सगळ्या गावादेखत लहान पोरासारखा रडला. त्याला कुणी उगी केलं नाही.

पाचव्या दिवशी 'हातभार'मधून फोन आला. वेगळा आवाज होता. मनिषा मॅडम आता इथे नाहीत, आपलं अभियान माझ्याकडे आलंय, समर्थक निवेदनाची वाट बघताहेत. आनंदराजांनी तीन वाक्यं लिहून पाठवली. 'आई गेली. पेटी घरी नव्हती. चूक माझी.' संध्याकाळी ती संकेतस्थळावर झळकली. शेवटचं वाक्य काढलं होतं, कारण तशा मजकुराने समर्थकाला अपराधी वाटतं आणि तो परत येत नाही. त्याच्या जागी 'पण प्रवास थांबलेला नाही' असं घातलं होतं, आणि खाली तिसरा टप्पा जाहीर केला होता. पेटी वेळेत पोचवण्यासाठी स्वतंत्र गाडी.

एका दिवसात अभियानाच्या इतिहासातले सगळ्यांत जास्त लोक परत आले. सोडून गेलेल्यांतले उरलेले दहाही आले. ठाण्याचे सद्गृहस्थ थेट 'सहप्रवासी' झाले. भामाबाईंच्या नावापुढची 'प्रलंबित' ही पाटी जाऊन तिथे हिरवी खूण आली.

ज्योत्स्ना भावाच्या मोबाईलवर ते लाल बदाम बोटाने वर सरकवत होती. ते संपतच नव्हते. "एवढे लोक मायला वळखत होते?" तिने विचारलं.

"न्हाई," आनंदराज म्हणाले. "वाट बगत होते."

ही माणसं वाईट नव्हती, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. ती आपल्यासारखीच हळवी आणि सुशिक्षित होती. म्हातारी भाकरी खात होती तोवर त्यांचं मन दुसरीकडे जात होतं, आणि ती झुंज देतेय म्हटल्यावर ही माणसं पुन्हा सरसावून बसली. आपणही, वाचकहो, पेजेच्या उल्लेखापासून जरा भरभर वाचायला लागला होतात. 'हातभार'च्या दफ्तरी आपली नोंद झालेली आहे: परतलेला समर्थक, एक.